घुंगरांची भट्टी

२२ सप्टेंबर, सोमवार

काल भाद्रपदी पोळा झाला. आज सकाळीच पोपटराव कासुर्डीहून आमच्या तळेगावात हजर. मोटारसायकलच्या हँडलला घुंगरमाळ अडकवलेली. चहा नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"बाई, ह्ये बगा." त्यांनी एक घुंगरू माझ्या तळहातावर ठेवलं. मुडपलेल्या पाकळीपासून थेट पोटापर्यंत चीर. "असली धा-बारा निघाली. बाजी बैलाच्या मानंला चरा पडला, रगत आलं. पोळ्याच्या दिवशी! सगळं गाव बगत व्हतं."

सारी नोकरी मी नळांच्या कारखान्याच्या क्वालिटी खात्यात काढली. दुसऱ्यांचा माल परत पाठवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आपला माल परत येण्याचा अनुभव नवा आहे आणि तो वाईट आहे.

पोपटरावांना चंपाषष्ठीला बैल मिरवायला नवी माळ हवी आहे. "ह्या टायमाला फुटली तर तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाई," म्हणाले. त्यांनी ते म्हणायची गरज नव्हती. बैलाला जखम करणारा माल मी विकणार नाही. चंपाषष्ठीपर्यंत दोष निघाला नाही तर साचे भंगारात आणि कारखान्याला कुलूप.

कारखाना म्हणजे काय, तर कासुर्डीला विहीणबाईंच्या घरालगतची कांद्याची रिकामी खोली. सोजराबाई, आमच्या सत्यजीतच्या सासूबाई, माझ्या भागीदार आहेत. मुलाच्या लग्नात मी त्यांनी दिलेलं मानाचं पातळ परत केलं होतं आणि त्यावरून दोन वर्षं अबोला होता. (रंग खरोखरच वाईट होता.) आता आम्ही मिळून बैलांची घुंगरं करतो. खोली, वीज आणि बानूबाई ही कामकरीण त्यांची, डोकं माझं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दोषाचं मूळ मला माहीत आहे. पितळेचा पत्रा साच्यात दाबला की कडक होतो. मग छर्रा आत कोंडायला कडेच्या पाकळ्या मुडपतो, त्या कडक असल्या की चिरतात. म्हणून मुडपण्याआधी पाकळ्या तापवून मऊ करायच्या, याला ॲनीलिंग म्हणतात. आजवर हे काम बानूबाई हातातल्या गॅसबत्तीच्या झोतानं करत होत्या, गप्पा मारत. एक पाकळी लाल, तर दुसरी गारच. हे यंत्रानंच व्हायला हवं.

दौंडच्या दुकानातला सुदर्शन आज दोन यंत्रं घेऊन आला. दसऱ्यापर्यंत वापरून पाहा, नको ते मी परत नेतो, म्हणाला. एक इंडक्शनचं: तांब्याच्या वेटोळ्यात घुंगरू धरलं की क्षणात फक्त पाकळ्या लाल. दुसरी विजेची भट्टी, पेटीएवढी. पुढं दार, आत दोन जाळ्या, वर तापमानाचे आकडे.

सोजराबाई भट्टीपुढंच उभ्या राहिल्या.

"म्हंजी आत जाळ न्हाई?"

"नाही."

"धूर न्हाई? आन् चारी अंगानं सारकं भाजतंय?"

"भाजत नाही विहीणबाई, तापवतं."

"त्येच की."

त्यांनी दार तीनदा उघडून मिटलं. यंत्राविषयी त्यांना इतकं कुतूहल वाटताना मी प्रथमच पाहिलं. शिकायची इच्छा असली की वयाचा प्रश्न येत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

चाचणी झाली. निकाल स्पष्ट आहे.

भट्टीत सगळं घुंगरू तापतं आणि सगळंच मऊ पडतं. वाजवलं तर नाद नाही. डब्यात खडा हलवल्यासारखं ठप्प. इंडक्शनमध्ये पाकळ्या मऊ, पोट कडक, नाद शाबूत. वीज कमीजास्त झाली की ते मध्येच बंद पडतं एवढाच दोष. भट्टी परत. सुदर्शनला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आणायला सांगितलं.

सोजराबाईंचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या की दोनी."

"दोन यंत्रांचं काय करायचं?"

"एक बिघाडलं तर?"

भट्टीविषयी दुसरीही तक्रार लिहून ठेवते. काल दार उघडलं तेव्हा आत गोडसर, जळकट वास होता आणि जाळीला काळा चिकट थर. भट्टीच्या आतल्या विटांमधला डिंक सुटत असावा. सुदर्शनला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आपल्या विटेत डिंक नसतो." दुकानदार आणखी काय म्हणणार?

निघताना विहीणबाईंनी यांच्यासाठी भाजलेली रताळी बांधून दिली. उपासाचे दिवस. यांनी सालासकट खाल्ली आणि विचारलं, "ही कशावर भाजली?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी यंत्र बघायला जाते. त्यांची चूल तर गेल्या वर्षीच काढली. हे बराच वेळ हसत होते. निवृत्तीनंतर माणूस कारणाशिवाय हसू लागतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

घात झाला.

आज खंडेनवमी. हत्यारांची पूजा म्हणून सकाळी कासुर्डीला गेले. खोलीत शिरले तर भट्टीला झेंडूची माळ, दाराला हळदीकुंकवाची पाच बोटं, पुढं पाटावर नारळ फोडलेला, आंब्याचा टाळा, उदबत्ती. गल्लीतल्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. इंडक्शनच्या डोक्यावर फक्त एक फूल.

"विहीणबाई, ही परवा परत जायची आहे!"

"अगं बया!" सोजराबाईंनी तोंडावर हात घेतला. "माझ्या ध्यानातच न्हाई. आता कसं करायचं?"

"कसं म्हणजे? पुसायचं आणि पाठवायचं."

बानूबाईंनी कानाला हात लावले. पोपटरावांच्या मंडळी ताईबाई शेजारच्याच, त्या म्हणाल्या, "पुजल्यालं हत्यार घरातनं काढत न्हाईत बाई. आमच्यात एकानं पुजल्याला टॅक्टर इकला, तर त्येचं पुढलं सगळंच बिनसलं."

"मग इंडक्शनला का नाही पुजलं?" मी विचारलं.

"त्येला दारच न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "कुकू लावायचं कुठं?"

सुदर्शनला फोन केला. पूजा झाली म्हटल्यावर तोही मागं सरला. म्हणाला, "मॅडम, पुजलेली वस्तू दुकानात घेतली तर आमचे शेठ मला ठेवतील का?" विज्ञानाचं युग!

मी ठामपणे उभी राहू शकले असते. पण एकदा पातळ परत केलं होतं. आता त्यांच्याच हातचं कुंकू लागलेली भट्टी परत केली तर मुलाच्या संसारात त्याचे पडसाद. दोन्ही यंत्रं ठेवणं परवडणारं नाही. इंडक्शन जाईल, भट्टी राहील. सोजराबाई भाबड्या आहेत, भक्तिभावात त्यांना तारखेचं भान राहत नाही. रागवून उपयोग नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सुदर्शन इंडक्शन घेऊन गेला. टेम्पो वळेपर्यंत मी बघत उभी होते. पुन्हा गॅसबत्ती. पण आता बानूबाईंना गप्पा बंद, प्रत्येक पाकळीवर रंग बदलेपर्यंत नजर. मी स्वतः शेजारी बसते. पोपटरावांना नमुन्याची माळ उद्या देते, बैलाला कशी बसते ते पाहू.

भट्टी नुसती उभी आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज न कळवता गेले. तपासणी नेहमी न कळवता करावी.

खोलीचं दार लोटलेलं. आतून बानूबाईंचा आवाज आला, "आल्या, आल्या, टाका आत!" मग भट्टीचं दार धाडकन मिटल्याचा आवाज. मी आत गेले तर दोघी भट्टीपुढं पाठ करून उभ्या. भट्टी चालू, आकडा २७०.

"हे काय चाललंय?"

"घुंगरं धुतली व्हती," सोजराबाई म्हणाल्या. "वाळाया ठिवली."

"दोनशे सत्तरला?"

"लई वली व्हती."

दार उघडलं तर खरंच वरच्या जाळीवर घुंगरांचा ट्रे होता. तयार माल, मुडपलेला, छर्रे घातलेला. खालच्या जाळीवर काही तरी फडक्यानं झाकलेलं दिसलं, पण सोजराबाई ओरडल्या, "वाफ जाईल!" आणि दार लावलं. "तुमीच म्हनला व्हता ना, मशीन पडून ऱ्हायलं की बिघडतंय? म्हनून म्या रोज तास-तास चालवती."

हे मी म्हटलं होतं, हे खरं. शिस्त चांगली, वापर चुकीचा. तास भरू दिला, घुंगरं काढून घेतली. पितळ जरासं काळपटलं होतं. त्या पिशवीला लाल चिठ्ठी लावली: "विनापरवाना तापवलेला माल. विकू नये." सोजराबाईंना दाखवून लावली. त्यांनी मान खाली घातली. बानूबाई मात्र पदर तोंडात घालून हसत होत्या. ताकीद द्यावी लागेल.

आज यांच्यासाठी भाजक्या शेंगा दिल्या. यांचं म्हणणं, कासुर्डीच्या शेंगांना जगात तोड नाही आणि ती भट्टी विकायचा विचारही करू नकोस. माझ्या धंद्यात यांना रस वाटू लागला, हे एक बरं झालं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पोपटरावांचा फोन. नमुन्याची माळ फुटली.

मी स्कूटर काढली आणि तशीच गेले. पाकळ्या मी स्वतः, एकेक, डोळ्यांत तेल घालून तापवून घेतल्या होत्या. तरी पाच घुंगरांना चिरा.

"बैलानं कशावर घासली का?"

"घासंल कशी? घातलीच न्हाई. खुटीवर हाय तवाधरनं."

"कुठल्या खुंटीवर?"

"गोठ्यात. बैलाचा दागिना बैलापाशीच पायजे. घरात न्हेऊन काय माझ्या गळ्यात घालू?"

ताईबाई आतून म्हणाल्या, "घाला की, शोभंल."

मी गोठ्यात गेले. बैल देखणे, दावण चकचकीत, पण मागची मोरी तुंबलेली. खुंटी बरोबर मोरीच्या वर. उभी राहिले तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकात सुई टोचल्यासारखं झालं. अमोनिया. शिळं गोमूत्र.

आणि मला जुनी गोष्ट आठवली. नोकरीत असताना कोंबड्यांच्या शेडवरून पितळी नळाचे भाग तडकून परत आले होते. त्यांवर कसला भार नव्हता, कुणी हात लावला नव्हता, जागच्या जागी चिरले होते. पितळ वाकवताना आत ताण कोंडून राहतो आणि अमोनिया तो ताण शोधून काढतो. म्हणजे पाकळ्या मुडपण्याआधी मी कितीही मऊ केल्या तरी मुडपताना नवा ताण शिरतोच. तीन आठवडे मी चुकीच्या जागी यंत्र निवडत होते.

पोपटरावांना म्हटलं, माळ घरात ठेवा. ते म्हणाले, "बाई, माळ गोठ्यातच ऱ्हाईल. आमच्या आजापासनं हितं हाय. तुमी घुंगरं बदला."

गिऱ्हाइकाचं म्हणणं रास्त आहे. बैलाचं घुंगरू गोठ्यात टिकत नसेल तर ते घुंगरू कसलं?

१५ ऑक्टोबर, बुधवार

पोपटरावांकडून बैलांचं शिळं मूत्र आणलं. झाकणाचा डबा, तळाशी मूत्र, वर दोऱ्यानं टांगलेली घुंगरं. जुनी, नवी, बत्तीची, सगळे नमुने. प्रत्येक परीक्षेत एक हमखास नापास होणारा नमुना असावा, म्हणून ती लाल चिठ्ठीची काळपट घुंगरंही टांगली.

डबा स्कूटरवर बांधून नेताना चौकात तिघांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. संध्याकाळी गल्लीतल्या दोन बायका माझ्याकडे गुडघेदुखीवर औषध मागायला आल्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डबा उघडला. हे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

सगळी फुटली. लाल चिठ्ठीची सोडून.

१९ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा केलं. पुन्हा तेच. लाल चिठ्ठीच्या एकाही घुंगराला केसाएवढी चीर नाही. चिंचेनं घासलं तर पिवळंधमक. वाजवलं तर नाद खणखणीत, जरासुद्धा उतरलेला नाही.

पहाटे उठून जुनी पुस्तकं काढली, कॉलेजातली, कव्हरं गेलेली. मिळालं. पितळ लाल होईस्तो तापवलं तर मऊ पडतं, नाद मरतो. पण पावणेतीनशे अंशांच्या आसपास तासभर ठेवलं तर कडकपणा तसाच राहतो आणि आतला ताण तेवढा निघून जातो. म्हणजे घुंगरू आधी पूर्ण तयार करायचं, मग सगळंच्या सगळं मंद तापवायचं. हे काम इंडक्शनच्या वेटोळ्याला जमलंच नसतं. एकसारखी मंद धग धरणारी वस्तू हवी. भट्टीच.

तपासणीत मी ज्या मालाला "विकू नये" लिहिलं तोच उत्तम निघाला. असो. चिठ्ठी मीच लावली म्हणून तो वेगळा राहिला आणि कळलं, हेही खरं.

कासुर्डीला फोन करून सोजराबाईंना विचारलं, त्या दिवशी २७० आकडा का लावला होता? त्यांनी पलीकडे बानूबाईंशी कुजबुज केली. मग म्हणाल्या, "देवानंच बुद्धी दिली म्हनायची."

निव्वळ योगायोग. पण योगायोगाचा शास्त्रीय अर्थ लावायला शिक्षण लागतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली, काम सुरू. नियम भिंतीवर लावला: तयार घुंगरं, २७०, एक तास. सोजराबाईंनी त्यात स्वतःहून भर घातली: तासाच्या आत दार कुणीही उघडायचं नाही, बाईंनीसुद्धा. मी त्यांचं कौतुक केलं. प्रक्रियेचं गांभीर्य त्यांना माझ्याइतकंच कळलं आहे.

एक गोष्ट मात्र कळत नाही. वीजबिल जितक्या घुंगरांचं असायला हवं त्याहून बरंच जास्त येणार असं मीटर सांगतं. सोजराबाई म्हणतात, भट्टी नवी हाय, सवय हुईस्तवर जास्त खाती.

यंदा त्यांच्या नानकटाया फार सुरेख झाल्या होत्या. एकसारख्या, एकही करपलेली नाही. मी म्हटलं, माझ्या घुंगरांत अशी एकसारखी धग दिसली पाहिजे. बानूबाई उठून बाहेर गेल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

पोपटरावांची नवी माळ काल दिली. त्यांनी ती माझ्यासमोर त्याच खुंटीवर, त्याच मोरीवर टांगली आणि मिशीला हात लावला. मोरी मुद्दाम साफ करू नका, एवढंच मी सांगितलं.

ताईबाई म्हणाल्या, "ऐका! पैल्यांदा कुनी तरी ह्यास्नी साफ करू नका म्हनलं."

झोप नीट लागत नाही. डब्यातली परीक्षा वेगळी, गोठ्यातली वेगळी. फुटली तर कुलूप लावायचं हे मीच ठरवलंय. बानूबाईंनी परवा सहज विचारलं, "यात्रंनंतर बी काम असंल ना बाई?" मी "पाहू" म्हटलं. हे उत्तर मला स्वतःलाच आवडलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

सकाळी आठलाच कासुर्डीला पोहोचले. आधी गोठ्यात जायचं ठरवलं होतं, पण पाय खोलीकडे वळले.

खोलीसमोर रांग होती. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका, हातात झाकलेल्या पाट्या आणि ताटं. सोजराबाई दारात उभं राहून एकेकीला आत सोडत होत्या. मला बघून रांग जागच्या जागी थिजली.

"दर्शनाला आल्यात," सोजराबाई म्हणाल्या. "पुजल्यालं मशीन हाय न्हवं. आज खंडोबाचा दिस."

आणि भट्टी चालू होती! सणाच्या दिवशीही नेम मोडला नाही. मला खरोखर भरून आलं. ज्या बायका यंत्राला हात लावायला घाबरत, त्या नैवेद्य घेऊन त्याच्यापुढं उभ्या. खोलीत वांगी भाजल्याचा वास दरवळत होता. चातुर्मास संपला, आज घरोघर भरीत आणि रोडगे, साहजिकच आहे. मी त्यांच्या श्रद्धेत व्यत्यय आणला नाही. तास पुरा झाल्याशिवाय दार उघडू नका एवढी आठवण केली. रांगेतून एकजण म्हणाली, "न्हाई हो, कच्ची ऱ्हातील." कच्ची हा शब्द शास्त्रीय नाही, पण आशय बरोबर आहे.

मग गोठ्यात, सोजराबाईही मागोमाग.

पोपटरावांनी माळ खुंटीवरून काढली. अठरा-एकोणीस दिवस मोरीवर टांगलेली, हिरवट-काळी पडलेली. त्यांनी ती चिंचेच्या पाण्यात बुडवली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि एकेका घुंगरावरून अंगठ्याचं नख फिरवायला सुरुवात केली. मी बाजूला उभी. हात पाठीमागं घट्ट धरले होते. पहिलं. दुसरं. मधल्या एकावर नख थांबलं, मी पुढं वाकले. चिंचेचा धागा होता. शेवटच्या घुंगरापर्यंत ते गेले. मग पुन्हा उलटे पहिल्यापर्यंत आले.

"एक बी न्हाई," ते म्हणाले.

माळ बाजीच्या गळ्यात घातली. बैलानं मान हलवली आणि गोठा खणाणून गेला. दारात उभ्या बानूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उद्यापासून सकाळी नऊ. उशीर चालणार नाही."

"व्हय बाई!" त्या पळतच गेल्या.

पोपटरावांनी बाजीच्या पाठीवर थाप दिली, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, ती भट्टी कुठनं आणली? आमच्या मंडळीला बी एक पायजे."

"तुम्हाला? कशाला?"

ते सोजराबाईंकडे बघू लागले. सोजराबाई बैलाकडे बघू लागल्या.

"घुंगरांनाच," पोपटराव म्हणाले. "आनकी कशाला?"

एका बैलजोडीसाठी घरात स्वतंत्र भट्टी म्हणजे जरा अतीच. पण प्रक्रियेवर इतका विश्वास टाकणारं गिऱ्हाईक मला साऱ्या नोकरीत भेटलं नव्हतं. मी त्यांना तिथल्या तिथं सुदर्शनचा नंबर दिला, तापमान आणि वेळ सांगितली, ताण आणि अमोनियाचा संबंधही समजावला. ताईबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच शंका विचारली: "ह्याच्याहून मोठ्या दाराची येती का?"

मी म्हटलं, घुंगरांना मोठं दार लागत नाही.

"लागतंय बाई," त्या म्हणाल्या. "आमच्यात माणसं लई हाईत."

सुदर्शनला मोठ्या दाराचं विचारते.